शेजारची किल्ली

बजाजनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा तिथं रस्त्यापेक्षा खड्डे जास्त होते आणि माणसांपेक्षा कुलपं जास्त. वाळूजच्या कारखान्यांनी सगळ्या मराठवाड्यातून माणसं ओढून आणली होती. नवरा कंपनीत, बायको कुठंतरी पॅकिंगला नाहीतर शाळेत, पोरं बालवाडीत, आणि दिवसभर दाराला कुलूप. माझा नवरा तीन पाळ्यांचा गुलाम होता. मी जवळच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते.

पाण्याचं तर काय सांगावं! नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि तेही पाऊण तास. कधी सकाळी नऊला, तर कधी दुपारी दोनला. पाणी यायचं तेव्हा घरात माणूस नसायचं, माणूस असायचं तेव्हा नळ नुसता फुसफुसायचा. म्हणून आमच्या लायनीत आपोआप एक रीत पडली. आपली एक किल्ली शेजाऱ्याकडं, शेजाऱ्याची आपल्याकडं. त्या दिवशी जो घरी असेल त्यानं दोन्ही घरचे ड्रम भरायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला शेजाऱ्यांची किल्ली लटकायची. त्यांच्याकडं आमची किल्ली कॅलेंडरच्या मागं असायची. चार वर्षं हे असंच चाललं आणि त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

शेजारी म्हणजे नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. ते मूळचे अजिंठ्याच्या बाजूचे, माझं सासरही फर्दापूरजवळचं, त्यामुळं आल्या आल्या "अरे, गाववाले निघाले की" असं झालं. तो मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाऊ. ती मला ताई म्हणायची. तो माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत होता, अजून टेम्परवारी, पण कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव लागायच्या बेतात होतं. ती बौद्ध माणसं होती. आम्ही मराठे, गावाकडं पंधरा एकर जमीन. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं, आणि इतकी वर्षं मी ते सांगताना हा भाग गाळत आले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न माझ्या लग्नाच्या आधीपासून चिघळत होता. मधली काही वर्षं तो राखेखाली गेल्यासारखा वाटायचा, मग पुन्हा पेटायचा. त्या वर्षी पुन्हा जोर धरला. मोर्चे, बंद, एसटीच्या काचा, शाळेला मध्येच सुट्टी. गावाकडं तर लोक एकमेकांकडं बघेनासे झाले. अशा दिवसांत सासूबाई आमच्याकडं आल्या. लुगड्याच्या घडीत गुंडाळून त्यांनी आपली बोरमाळ आणि माझ्या दोन पाटल्या आणल्या होत्या. गावात काय होईल नेम नाही, शहरात बरं राहील, हे त्यांचं म्हणणं. मी ते गाठोडं कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण आमच्या दारात आली, कॅलेंडरमागची किल्ली तिच्या हातात. पाणी आलं होतं, आम्ही घरात आहोत हे तिला माहीत नव्हतं. ती हसून परत गेली. सासूबाई मात्र ताटावरून उठल्याच.

"बोरमाळ घरात आन् किल्ली त्यांच्याकडं? सूनबाई, डोकं ठिकाणावर हाये का तुमचं?"

मी हसण्यावारी नेलं. खरं तर मी त्यांच्याशी वाद घालायला हवा होता. रोज सकाळी मैदानात उभी राहून पोरांकडून प्रतिज्ञा म्हणून घेणारी बाई मी, सगळे भारतीय एक हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. दोन दिवस सासूबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरलं. काळवेळ बघायला नको का, असं मीच मला सांगू लागले. सासूबाई बोलल्या हे खरं, पण शेजारच्या दारापर्यंत पाय माझेच चालत गेले.

"आमच्याकडं पाहुणे यायचेत गं, आठवडाभर राहतील. त्यांना एक किल्ली लागंल." मी म्हणाले.

तिनं लगेच कॅलेंडर उचललं आणि किल्ली दिली. वर विचारलं, पाहुण्यांसाठी गाद्या पुरतील का, आमच्याकडं एक जादा आहे. मी नको म्हटलं. त्यांची किल्ली मात्र मी परत केली नाही, आणि तिनंही मागितली नाही. मागायचं तिच्या मनातही आलं नसावं.

किल्ली आणली खरी, पण ठेवायची कुठं? नवऱ्याकडं एक होती, माझ्या पर्समध्ये एक. ही तिसरी मी दाराबाहेर विजेच्या मीटरच्या पेटीमागं ठेवली, सासूबाई देवळात गेल्या आणि मी शाळेत असले तर त्यांना आत येता यावं म्हणून. नवऱ्याला सांगितलं नाही, सासूबाईंनाही सांगू नका म्हटलं. मीटरमागं किल्ली ठेवण्यावरून तो एकदा माझ्यावर चांगलाच करवादला होता. आणि किल्ली शेजारून परत का आणली, हेही मग सांगावं लागलं असतं.

आठ दिवसांनी, भर दुपारी, घरात चोरी झाली. सासूबाई देवळात होत्या, नवरा पहिल्या पाळीला. मी साडेपाचला आले तर कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. ओरखडा नाही, काही नाही. मी आत जायच्या आधी मीटरमागं हात घातला. तिथं नुसती धूळ हाताला लागली. म्हणजे मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. हे आज लिहून टाकते. चोर किल्लीनं आला होता आणि ती किल्ली मी त्याच्यासाठी बाहेर ठेवली होती. कपाट उचकटलेलं, साड्या जमिनीवर, गाठोडं गायब. सासूबाई देवळातून आल्या त्या डोक्याला हात लावून उंबऱ्यावरच बसल्या.

पोलीस आले तेव्हा सगळी लाईन आमच्या दारात होती. हवालदारांनी कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, किल्ल्या किती, कुणाकुणाकडं? नवऱ्यानं आपली दाखवली. मी पर्स उघडून माझी दाखवली.

"तिसरी?"

नवरा माझ्याकडं बघत होता. मीटरमागचं ठाऊक असलेल्या सासूबाई पदर तोंडाला लावून माझ्याकडं बघत होत्या. मीटर हवालदारांच्या डोक्याच्या मागंच होता. मी म्हणाले, "शेजारी असते."

खोटं म्हणाल तर पूर्ण खोटं नव्हतं. चार वर्षं ती शेजारीच असायची. मी मनाची समजूत घातली की आपण फक्त रीत सांगितली. हवालदारांनी ते कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं, आणि मी फिर्यादीखाली सही केली. बाईमाणसाची सही, वळणदार, चौथीच्या वर्गाला कित्ता म्हणून द्यावी अशी.

शेजारी तो एकटाच घरी होता, रात्रपाळी करून झोपलेला. ती पॅकिंगच्या कामावर होती. त्याला उठवून विचारलं, तर डोळे चोळत त्यानं खरं तेच सांगितलं. किल्ली वहिनींनी आठ दिवसांपूर्वी नेली, त्यांच्याकडं पाहुणे येणार होते. हवालदार परत आमच्या दारात आले. त्यांनी मला विचारलंच नाही, विचारलं माझ्या नवऱ्याला, तुमच्याकडं पाहुणे कधी आले? नवरा सरळ माणूस. तो म्हणाला, आमच्याकडं आईशिवाय कुणी आलं नाही, कुणी येणारही नव्हतं. झालं! हवालदारांनी मान डोलावली. माझी थाप भाऊच्या तोंडून बाहेर आली आणि तो खोटा ठरला. मी दोन हात अंतरावर उभी होते, तोंड उघडलं नाही. त्याला चपला घालायला लावल्या आणि जीपमध्ये बसवला. जाताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, सांगा ना यांना." मी खाली पडलेल्या साड्या गोळा करायला लागले.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी पोरांना वाक्यात उपयोग करून शिकवायचे. त्या रात्री मला कळलं की फाशी देणारा कुणी राक्षस नसतो, नुसती आपली अब्रू सांभाळणारी बाई असते.

बारा दिवस तो आत होता. ते बारा दिवस त्याची बायको सकाळी उठून शहरात जायची, कधी पोलिसांकडं, कधी अदालत रोडला वकिलाकडं, मुलीला कडेवर घेऊन. आणि इकडं पाणी यायचं. त्यांची किल्ली माझ्याच खिळ्याला होती. मी काय करावं? मी जाऊन त्यांचे ड्रम भरले. कोणत्या तोंडानं, विचारू नका. खुंटीवर त्याचा कंपनीचा निळा शर्ट होता. कॅलेंडर जागच्या जागी होतं. पत्र्याच्या पेटीला कुलूप नव्हतं, नुसती कडी अडकवलेली. ज्या माणसावर माझ्या घरात शिरल्याचा आरोप होता, त्याच्या घरात मी किल्लीनं कुलूप उघडून एकटी उभी होते आणि ते त्या लोकांना चालत होतं. ड्रम भरून वाहायला लागला तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही.

तो जामिनावर सुटायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. रडली नाही, भांडलीही नाही. फार साधेपणानं म्हणाली की ताई, तुमच्या ध्यानातून गेलं असंल, पाहुणे यायचे रद्द झाले असतील, पण किल्ली तुम्ही नेली एवढं तरी साहेबांना सांगा. माझ्यासाठी सबबही तीच शोधून आली होती. मी म्हणाले, बघते. नवऱ्याला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं, मीटरसकट. त्यानं आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, आता बोललीस तर खोटी फिर्याद दिली म्हणून तुझ्यावरच उलटेल, नोकरी जाईल, गप बस. माल सापडलेला नाही, तो सुटेलच. मी गप्प बसले. आईच्या बोरमाळेपुढं त्याला मित्र दिसला नाही असं मी तेव्हा मनात म्हटलं, पण मला तरी कुठं दिसला होता?

तो सुटून आला, पण कंपनीनं सांगितलं की केसचा निकाल लागेपर्यंत येऊ नको. कायम होणाऱ्यांची यादी त्याच्याशिवाय लागली. माझ्या नवऱ्यानं ती नोटीस बोर्डावर वाचली आणि घरी येऊन जेवला नाही.

मग मला राहवेना. शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील होते. त्यांच्याकडं मी गेले आणि म्हणाले, आमच्या नात्यातल्या एका बाईचं असं असं झालंय. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं. ते गालात हसले, पण मला तोंडघशी पाडलं नाही. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. घरातली चोरी म्हणजे कलम तीनशे ऐंशी, सात वर्षांपर्यंत सजा. त्यावर चोरीसाठी दिवसा घरफोडी, चारशे चोपन्न, त्याला दहा वर्षांपर्यंत.

मी मध्येच म्हटलं, "पण फोडलं तर काहीच नाही! कुलूप शाबूत होतं."

"चोरीसाठी शिरताना कुलूप किल्लीनं उघडलं तरी कायद्याच्या लेखी ती घरफोडीच," ते म्हणाले. "आणि हेच सूर्य मावळल्यावर घडलं असतं तर चारशे सत्तावन्न. चौदा वर्षं."

मी हादरले. म्हणजे मी साडेपाचला, उजेड असतानाच घरी आले म्हणून तो दहाच्या कलमात होता. मी विचारलं, एवढी सजा खरंच देतात का? ते म्हणाले, पुस्तकात दहा असली तरी तो खटला ज्या कोर्टात आहे त्या कोर्टाला तीनच्या वर देता येत नाही. पहिलाच गुन्हा असला तर कधी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडूनही देतात. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, म्हणजे सुटतीलच की ते! त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"सुटतील, बाई. पण चोर ठरून सुटतील."

मग मी त्या नात्यातल्या बाईचं विचारलं. तिनं कोर्टात खरं सांगितलं तर? ते म्हणाले, सरकारी वकील तिला फितूर म्हणतील, खोटी फिर्याद दिली म्हणून खटल्याची भीती घालतील, कदाचित भरतीलही. पण शपथेवर खोटं बोलली तर त्याला सात वर्षांपर्यंत आहे, आणि ते कुणाला कळो न कळो, तिला कळणार. चहा न पिता मी उठले.

तारखा पडत गेल्या. मधल्या काळात विद्यापीठाच्या नावाचा निर्णयही झाला, गावागावांत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या लायनीत काही झालं नाही. फक्त शेजारचं दार आणि आमचं दार एकाच वेळी उघडेनासं झालं. माझी साक्ष लागली तेव्हा उन्हाळा लागला होता. जायच्या आदल्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलं, मी खरं बोलणार. त्यानं विचारलं, नोकरीचं काय? मी म्हटलं, बोरमाळ गेली तशी जाईल. तो म्हणाला, मग मीही येतो.

दुसऱ्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी राहिले. समोर तो बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या बाकावर ती. सरकारी वकिलांनी सवयीनं भराभर विचारायला सुरुवात केली. घर कुणाचं, कपाट कुठं, काय गेलं. मग आलं तिसऱ्या किल्लीचं.

मी म्हणाले, "माझ्याकडं होती. आठ दिवस आधी मी ती शेजारून परत घेतली होती. मीटरच्या पेटीमागं ठेवली होती. चोरी झाली तेव्हा ती तिथं नव्हती."

वकिलांनी कागद खाली ठेवला. फिर्याद माझ्यासमोर धरली, सही कुणाची म्हणून विचारलं. सही माझीच. मग ते माझ्यावर असे तुटून पडले की मी आरोपीला सामील आहे, पैसे घेतले आहेत, बाई मास्तरीण असून लाज नाही. लाज होती म्हणूनच तर हे सगळं झालं होतं, पण ते कसं सांगणार? न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, चार वर्षं शेजारी असलेली किल्ली परत का घेतली?

मला सुटायला अजूनही जागा होती. पाहुणे म्हणता आलं असतं. पाहुणे रद्द झाले म्हणता आलं असतं, ती सबब तर तिनंच मला आणून दिली होती. मी मागच्या बाकाकडं बघितलं नाही.

"ते ज्या समाजाचे आहेत म्हणून, साहेब. ते दिवस तसे होते. घरात सोनं आलं आणि मला त्यांचा भरवसा वाटेना. त्यांनी काही केलं नव्हतं. मी पाहुण्यांची थाप मारली आणि किल्ली आणली. आणि पोलिसांसमोर हे बोलायची लाज वाटली म्हणून शेजारी असते म्हणाले."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मला चार कडक शब्द सुनावले, ते मी निमूट ऐकले. माझ्यावर खटला काही भरला नाही. शाळेत मात्र लेखी खुलासा द्यावा लागला आणि त्या वर्षीची पगारवाढ थांबली. ती थांबायलाच हवी होती. महिनाभरानं निकाल लागला, तो निर्दोष सुटला. बोरमाळ कुणी नेली ते आजतागायत कळलं नाही. सासूबाई म्हणाल्या, मालही गेला आणि लाजही गेली. माल त्यांचा होता, एवढं मी मान्य केलं.

तो सुटला, पण कंपनीनं परत घेतलं नाही, जागा भरल्या होत्या. चिकलठाण्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला, पगार निम्मा. निकालाच्या संध्याकाळी मी दोन किल्ल्या हातात घेऊन त्यांच्या दारात गेले. एक त्यांची, खिळ्यावरची. एक आमच्या नव्या कुलपाची. माफी मागायची होती, पण शब्द सगळे शाळेतल्या फळ्यावरचे आठवायला लागले, एकही उपयोगाचा नाही. नुसते हात पुढं केले.

ती किल्ल्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी पाहुणे यायचेच नव्हते ना?"

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा बाई म्हणाली होती.

"नाही," मी म्हणाले.

"मी गादी उन्हात घातली व्हती," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणलं तरी. म्हणलं, ऐन वक्ताला लागली तर असावी."

मला तिथंच हुंदका फुटला. ती मात्र रडली नाही. तिनं माझ्या तळहातावरची आमची नवी किल्ली बोटानं बाजूला सारली.

"तुमची किल्ली आमच्याकडं नको आता. पुढं काही झालं तर आम्ही कुठं सांगत फिरावं?" तिनं माझी मूठ त्यांच्या किल्लीवर मिटवली. "आमची ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. उद्या पाणी हाये, मी पहिल्या पाळीला हाये."

दुसऱ्या दिवशी पाणी सव्वाअकराला आलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. त्यांचं कुलूप उघडलं, दोन्ही ड्रम काठोकाठ भरले, हंडे भरले, वर झाकणं ठेवली. बाहेर येऊन कुलूप लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं. घरी आले तोवर नळ गेला होता, आणि आमचा ड्रम रिकामाच होता.